वाईन लिस्टवर द्राक्ष, गाव आणि साल लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नाशिकच्या वाईनरींवर पान भरून लेख आला, फोटो सुंदर होते, वाचून बऱ्याच जणांनी वीकेंडचं बुकिंगही करून टाकलं असेल. पण पूर्ण लेखात सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, पिझ्झा कुठला चांगला, स्विमिंग पूल कुठे आहे, प्री-वेडिंग शूटला परवानगी कोण देतं एवढंच होतं आणि ग्लासात जे असतं त्याच्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. हे एकट्या तुमच्या पेपरचं नाही, सगळीकडे असंच चाललंय, आणि त्याचा परिणाम थेट हॉटेलांच्या वाईन लिस्टवर होतोय म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण कृपया कापू नका.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थोडी बाग खायच्या द्राक्षांची आणि बाकीची वाईनची, ती करारावर. तेव्हा हॉटेलात बाटली उघडली की माझं लक्ष आपोआप तिकडे जातं.

मध्यंतरी मुलीकडे पुण्याला गेलो होतो तेव्हा ती आणि जावई आग्रहाने एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. जेवण खरंच उत्तम होतं. मेन्यूच्या शेवटच्या पानावर वाईन होती, आधी हाऊस रेड आणि हाऊस व्हाईट, मग दोन मोठ्या कंपन्यांची नावं आणि प्रत्येकापुढे ग्लासचा रेट, बाटलीचा रेट. द्राक्ष कोणतं हे निम्म्या ठिकाणी लिहिलेलंच नाही, साल कुठेच नाही, आणि कुठल्या भागातली हे तर विचारूच नका. मी शेनिन ब्लांक (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन) मागवली आणि कोणत्या सालची आहे ते विचारलं, तर मुलगा बिचारा आत जाऊन बाटलीच घेऊन आला. तीन वर्षांपूर्वीची होती. कॉफी मशीनच्या वरच्या फळीवर, दिव्याखाली, उभी ठेवलेली, हात लावला तर कोमट. आपल्याकडची साधी शेनिन ही वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत प्यायची वाईन, ताजी असताना तिला पेरूचा, लिंबाच्या सालीचा वास येतो. ग्लासात आली ती पिवळीधम्मक आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. मुलाला म्हटलं दादा, दुसरी कुठली आहे का, एखाद्या छोट्या वाईनरीची? तर तो अगदी प्रेमाने म्हणाला, सर हीच घ्या, तुम्ही यांच्या वाईनरीला गेलाय का, एकदम भारी प्लेस आहे, आमचे सगळे गेस्ट हीच मागतात.

त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाहीये. पण त्याने जे सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. लोक बाटली मागतात ती जागेच्या नावाने. जिथे फिरून आलो, जिथल्या बॅरलला टेकून फोटो काढला, तेच नाव लिस्टवर दिसलं की बोट तिथेच जातं.

आता हे असं का झालं ते पण समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडे दारूची जाहिरात करायला बंदी आहे आणि वाईन त्यातच येते. टीव्हीवर नाही, पेपरात नाही, होर्डिंग नाही. मग कंपनीने लोकांपर्यंत जायचं कसं? लोकांनाच बागेत बोलवायचं. सुला या नाशिकच्या वाईन कंपनीने २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला टेस्टिंग रूम सुरू केली तेव्हा नाशिकच्या लोकांनाही ते नवीन होतं, मग २००८ पासून सुलाफेस्ट हा त्यांचा संगीत महोत्सव आला, मग रिसॉर्ट, आणि बघता बघता मुंबईचा माणूस त्र्यंबक-पंचवटीबरोबर वाईनरीसाठी पण नाशिकला यायला लागला. हे फार मोठं काम आहे आणि ते मी मनापासून मानतो, त्याच्यामुळे आमच्या भागात रस्ते झाले, पोरांना नोकऱ्या लागल्या, वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक टिकलं. परदेशातही वेगळं काही नाही. स्पेनमध्ये रिओहा भागात मार्केस दे रिस्काल नावाची १८५८ पासूनची जुनी वाईनरी आहे, तिने फ्रँक गेरी या जगप्रसिद्ध आर्किटेक्टकडून चकचकीत टायटॅनियमच्या पट्ट्यांचं हॉटेल बांधून घेतलं, २००६ ला ते उघडलं आणि जगभरातून लोक ते बघायला जातात. म्हणजे इमारत देखणी असली की वाईन खराब असं अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की इमारत बघून वाईन कशी आहे ते कळत नाही, आणि रेस्टॉरंटची लिस्ट करणाऱ्याने तरी इमारत बघून लिस्ट करू नये.

पण लिस्ट होते कशी ते ऐका. मोठ्या कंपनीचा माणूस येतो, मेन्यूकार्ड छापून देतो, आईस बकेट देतो, ग्लास देतो, स्टाफला ट्रेनिंग देतो, पेट्यांवर स्कीम देतो, उधारी देतो. हॉटेलवाल्याला किचन बघायचंय, एफएल-३ म्हणजे परमिट रूमच्या लायसनची फी भरायचीय, माणसं टिकवायचीयेत, त्याला हे सगळं एका फोनवर मिळालं तर तो दहा ठिकाणी कशाला फोन करेल. छोट्या वाईनरीवाल्याकडे असा माणूसच नसतो. तोच सकाळी टाकी धुतो, दुपारी एक्साईजचे कागद भरतो, संध्याकाळी बाटल्या गाडीत टाकून डिस्ट्रिब्युटरकडे जातो. परत प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, दर वर्षी वेगळी फी, मग त्याचे चारशे बॉक्स निघोत नाहीतर चाळीस हजार. त्यामुळे गोव्यात, बंगळुरात त्याची बाटली पोचतच नाही आणि पुण्या-मुंबईत पोचली तरी लिस्टवर चढत नाही.

आणि आपल्याकडे करणारे आहेत हो! निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो वाईनरीवाल्यांनी नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो लावलं, या इटलीतल्या सिसिली बेटावरच्या द्राक्षाच्या जाती, आपल्या निफाडच्या मातीत वाढवल्या आणि त्याची वाईन काढली, ही बातमी किती नाशिककरांना माहीत आहे? इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाच्या काठावर व्हॅलोन वाईनरी आहे. तिकडे अकलूजला फ्रातेल्ली वाईनरी, सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सांजोव्हेजे हे इटलीचं द्राक्ष पिकवतात, ते आता लहान राहिले नाहीत पण सोलापुरातल्या परमिट रूममध्ये बसलेल्या माणसाला हे आपल्याच जिल्ह्यातलं आहे हे लिस्ट वाचून कळत नाही कारण लिस्टवर गावच नसतं. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पैठणीला आहे तसंच, पण नाशिकच्याच हॉटेलांच्या लिस्टवर ते शब्द मला तरी दिसलेले नाहीत.

लोकांना वाटेल की याला काय एवढं, वाईन पिणारे पिणार, ज्याची विकते त्याची विकते. पण याचा संबंध आमच्या बागेशी आहे म्हणून सांगतो. खायच्या द्राक्षाला आम्ही जीएचे डीप देतो, म्हणजे वाढीच्या संजीवकात घड बुडवतो, मणी फुगवतो, वजन काढतो. वाईनच्या द्राक्षाचं गणित उलटं आहे. मणी बारीक पाहिजे, साल जाड पाहिजे, बी पाहिजे, जीए अजिबात नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग डावणी, भुरी हे रोग, मधेच अवकाळी, इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच. खरी गोष्ट पुढे आहे. चांगली वाईन पाहिजे असेल तर घड विरळायचे, म्हणजे वेलीवर आलेल्या घडांपैकी कितीतरी घड हिरवे असतानाच कापून खाली टाकायचे म्हणजे राहिलेल्यात रस नीट भरतो. दर वर्षी करतो तरी पहिल्या ओळीत कात्री लावताना हात थांबतो कारण खाली पडतं ते वजन असतं आणि वजनाचेच पैसे असतात. मग जानेवारी ते मार्च काढणी, शिराज या रेड वाईनच्या द्राक्षाला २२-२३ ब्रिक्स, म्हणजे तेवढी साखर, येईपर्यंत रोज ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत, आणि तोडणी मध्यरात्रीनंतर बॅटरीच्या उजेडात कारण ऊन चढायच्या आत क्रेट वाईनरीत पोचले पाहिजेत.

आता एवढं करून माझं द्राक्ष कुणाच्या टाकीत गेलं? लिस्टवर जर नुसतं ‘रेड’ लिहायचं असेल तर वाईनरी माझं वेगळं कशाला ठेवेल, दहा जणांचं एकत्रच पडणार. ज्याने घड टाकले त्याचं आणि ज्याने वेल वाकेपर्यंत माल घेतला त्याचं एकाच टाकीत, आणि भाव टनावर. मग पुढच्या वर्षी घड कोण टाकेल? वाईनरीवाला चांगल्या मालाला जास्त भाव तेव्हाच देऊ शकतो जेव्हा ती बाटली वेगळ्या नावाने, वेगळ्या किमतीला टेबलावर विकली जाते, आणि टेबलावर विकली जाण्याची सुरुवात त्या लिस्टच्या एका ओळीपासून होते. ती ओळ म्हणजे द्राक्षाचं नाव, भाग किंवा गाव, साल आणि बनवणारा, बास. याला खर्च शून्य आहे. बाटलीवर हे बहुतेक सगळं छापलेलंच असतं, फक्त उतरवून घ्यायचंय.

ज्यांना जुनं आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २००१ ला राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क काढले, भराभर वाईनरी उभ्या राहिल्या आणि आमच्यासारख्यांनी खायची द्राक्षं काढून वाईनची लावली. मग २००८ ला मंदी आली, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं रिकामी, टाक्या भरलेल्या. एकेकाळी देशात सगळ्यात गाजलेली नारायणगावची इंडाज ही वाईन कंपनी पुढे बंद पडली. आमच्या शिवारात लोकांनी वाईनच्या बागा मुळासकट उपटल्या. त्यातून जे वाचले त्यांच्यापैकी अनेक जण पर्यटनावर वाचले हे मी नाकारत नाही. पण सगळी वाईन दोन-चार नावांवर टांगलेली असली की त्यातलं एक नाव डळमळलं तरी केवढे शेतकरी उघड्यावर येतात हे आम्ही बघितलंय, त्यामुळे लिस्टवर दहा नावं असणं ही आमच्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

हॉटेलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दुकानात हजार एमआरपीची बाटली तुम्ही अडीच-तीन हजाराला देता, जागा, माणसं, लायसन सगळं त्यात आलं, ठीक आहे, पण मग ती बाटली फ्रिजमध्ये किंवा निदान गार अंधाऱ्या कपाटात तरी ठेवा. रेड वाईन रूम टेंपरेचरला द्यायची असं सगळे सांगतात, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये रूममध्ये पस्तीस डिग्री असतं, तेवढी गरम द्यायची नसते, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात, तेव्हा महिन्याला एक छोटी वाईनरी निवडून तिची एकच वाईन ग्लासवर चालू करा, उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटवा, तीन दिवसांत संपली नाही तर स्वयंपाकात वापरा. पाच ग्लासांची रिस्क आहे, जास्त नाही. आणि स्टाफला एक दिवस बागेत पाठवा, माझ्याकडे पाठवा, मी फिरवतो.

सरकारलाही सांगणं आहे. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटमधला १६ टक्क्यांचा भाग प्रोत्साहन म्हणून वाईनरींना परत दिला जातो, चांगली गोष्ट आहे, पण त्याच्याबरोबर छोट्यांच्या लेबल फीचा विचार का होत नाही? उत्पादन बघून फी लावली तर कितीतरी जण शेजारच्या राज्यात जाऊ शकतील. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईनचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, महिनाभर सगळे चॅनल तेच दाखवत होते, आणि शेवटी ते बारगळलं. त्याच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाही, पण तेव्हा शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं, नंतर विचारायला कुणी आलं नाही.

आणि तुम्हाला, संपादक साहेब. पर्यटनाचं पान जरूर करा, पण त्यात प्रत्येक वाईनरीची निदान एक वाईन तुमच्या माणसाने पिऊन, तिचं द्राक्ष, साल, किंमत आणि कशी लागली ते स्पष्ट लिहू दे, आवडली नसेल तर आवडली नाही लिहू दे. ज्यांच्याकडे लॉन नाही, पूल नाही, नुसती पत्र्याची शेड आणि चार टाक्या आहेत अशा दोन जागा तरी त्यात असू द्या. जानेवारीच्या शेवटी आमच्याकडे शेनिनची तोडणी लागेल, रात्री दोनला सुरू होते आणि सकाळी आठपर्यंत सगळा माल क्रशरला पोचलेला असतो. तुमचा बातमीदार आणि फोटोग्राफर पाठवा, गरम कपडे घालून यायला सांगा, दिंडोरीच्या थंडीत त्या वेळेला हात गारठतात. चहा-भाकरीची सोय माझ्याकडे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक