शाळेचे नियम घरी राहणाऱ्या पालकालाही सांगा

प्रति,
माननीय संपादक,

विषय: माध्यमिक शाळेतील हजेरी, वेळ आणि गृहपाठ यांविषयी दसऱ्याआधी दुसरी पालकसभा घेण्याबाबत

महोदय,

उन्हाळी सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या पालकसभेत एक छापील सूचनापत्रक वाटले जाते. विद्यार्थी रोज हजर राहील, घंटा होण्याआधी शाळेत पोहोचेल, दिलेला गृहपाठ त्याच दिवशी पूर्ण करील, गैरहजर राहिल्यास पालकाची चिठ्ठी आणील, अशी पाच-सात कलमे त्यावर असतात आणि तळाशी पालकाच्या सहीसाठी रेघ असते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत मी 19 वर्षे शिकवते आहे, त्यातली बरीच वर्षे नववीची वर्गशिक्षिका म्हणून. ही पत्रके मीच वाटते आणि सह्याही मीच गोळा करते. या सह्यांविषयीच मला लिहायचे आहे. जूनमध्ये सही करणारे आईवडील आमच्या भागातील कित्येक घरांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीला जातात, ते एप्रिलमध्ये, कधी मे उजाडल्यावर परततात. आणि मधले पाच-सहा महिने ज्या आजीच्या, चुलतीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या भरवशावर मूल गावात राहते, तिला त्या पत्रकात काय लिहिले आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.

नियम चुकीचे आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाची 75 टक्के उपस्थितीची अट आहे आणि ती असायलाच हवी. मात्र टक्केवारीच्या भाषेत ती घराघरांत पोहोचत नाही. वर्षात समजा 220 दिवस शाळा भरली, तर 165 दिवस हजर राहावे लागते, म्हणजे गैरहजेरीला 55 दिवसच उरतात. 55 दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण सोयाबीनच्या काढणीचे आठ-दहा दिवस, कापूस वेचणीचे पंधरा-वीस, नात्यातल्या दोन-चार लग्नांचे आणि गावच्या जत्रेचे मिळून आठ, तापाचे आणि दवाखान्याचे सात-आठ, शिवाय दर आठवडी बाजाराला एक, असे धरत गेले की पंचावन्नाची मर्यादा फेब्रुवारी येण्याआधीच ओलांडलेली असते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण 6 ते 14 या वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीत आलेले मूल शाळेतून गळाले तर त्याच्यामागे धावणारी यंत्रणा फारशी उरत नाही, आणि म्हणूनच नववीचे वर्ष मला सर्वांत नाजूक वाटते.

उसतोड कामगाराला हजेरीचे महत्त्व पटवून द्यावे लागते, हा आपल्या शिक्षकवर्गाचा एक समज आहे आणि तो अगदी चुकीचा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. हा कोयता मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जातो, आणि एक दिवस जरी तो उसाच्या फडात उतरला नाही तरी मुकादम खाडा धरतो आणि त्याचा दंड उचलीच्या हिशोबात चढवतो. खाडा या शब्दाचा अर्थ या माणसांइतका कोणाला कळत असेल असे मला वाटत नाही. त्यांना आमच्या पत्रकातील ‘किमान उपस्थितीचे निकष’ कळत नाहीत, इतकेच. चार वर्षांपूर्वीच्या पालकसभेत मी पत्रक बाजूला ठेवले आणि एवढेच म्हटले, की नववी-दहावीच्या पोराला वर्षात पंचावन्नपेक्षा जास्त खाडे चालत नाहीत, आणि त्यातले निम्मे दिवाळीआधीच संपतात. त्या दिवशी सभेत प्रथमच पालकांनी मला उलट प्रश्न विचारले. आजारपणाचा खाडा धरता का, अर्ध्या दिवसाचा कसा मोजता, पोरगा मधल्या सुट्टीत पळाला तर तुम्ही आम्हाला कळवता का? शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तोवर आम्ही असे कळवत नव्हतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक आजी शाळेत आल्या. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. आठवड्यातून तीन-चार दिवस तो उशिरा यायचा आणि गृहपाठाची वही कोरी असायची, म्हणून मी त्याच्याकडून ‘पालकांना घेऊन ये’ असा निरोप धाडला होता. वर्गाच्या दारातच चप्पल काढून त्या आत आल्या, बाकावर न बसता भिंतीशी टेकल्या आणि मी वहीची कोरी पाने दाखवायला लागताच म्हणाल्या, “बाई, मला वाचता येत न्हाई. त्यानं काय लिव्हलंय ते मला कळायचं न्हाई. पण रोज सांजच्याला किती येळ बसवायचं ते सांगा, तेवढा येळ मी त्याला उठू देणार न्हाई.” गृहपाठाबाबत पालकांकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला त्याआधी कोणीही विचारला नव्हता. आमच्या पत्रकावर ‘पालकांनी गृहपाठ तपासून सही करावी’ असे वाक्य होते आणि ते वाक्य त्या आजींना लागूच होत नव्हते. आम्ही दोघींनी तिथेच ठरवले, की दिवेलागणीपासून जेवणापर्यंत त्याने वही घेऊन बसायचे, रोजचे पान तारीख टाकून सुरू करायचे आणि उठण्याआधी आजीला पान दाखवायचे. बरोबर की चूक ते शाळा बघेल. घरातल्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतात तसे शाळेचे खाडे मांडायचे, हे मात्र आजींनीच सुचवले. मार्चमध्ये तो मुलगा ती दिनदर्शिका गुंडाळी करून घेऊन आला, तेव्हा तिच्यावरच्या फुल्या आणि माझा हजेरीपट यांत दोनच दिवसांचा फरक निघाला, आणि त्यातला एक दिवस माझ्याकडून चुकला होता.

उशिरा येण्याचे कारण शोधायला मला आणखी आठ दिवस लागले. तो मुलगा घरून वेळेवर निघत असे. परंतु त्याच्या वस्तीवरून येणारी सकाळची गाडी फाट्यावर पोहोचते तेव्हा दहा पस्तीस झालेले असतात आणि शाळा साडेदहाला भरत होती. गाडीने येणारी एकूण चौदा मुले होती. त्या चौदा जणांना रोज राष्ट्रगीत होईपर्यंत फाटकाबाहेर उभे करून मग ‘उशीर’ अशी नोंद घालणारी मीही एक होते. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण लिहायला हवे. मुख्याध्यापकांनी परिपाठ पंधरा मिनिटे पुढे नेला आणि मधली सुट्टी तेवढीच आखडती घेतली, तशी उशिराची नोंद जवळजवळ थांबली. जी दोन-तीन मुले त्यानंतरही रेंगाळत आली, त्यांच्याशी मग कडक बोलता आले, कारण आता चूक खरोखर त्यांचीच होती. पहिल्या तासाला आमच्याकडे बहुतेक गणित असते. रोज वीस मिनिटे उशीर म्हणजे त्या तासाचा निम्मा भाग गेला, हे मुलांना आणि घरच्यांना सांगताना शाळेची वेळ त्यांना गाठता येण्याजोगी आहे ना, याची खात्री आधी आपण करून घ्यायला हवी.

गृहपाठाची एक नवी अडचण मोबाईलने आणली आहे. करोनाच्या काळात सुरू झालेले वर्गाचे व्हॉट्सॲप गट अजून चालू आहेत आणि गृहपाठ, सूचना, गैरहजेरीचे निरोप सारे त्यावरच पडतात. त्या गटात नोंदवलेला क्रमांक वडिलांचा असतो आणि दिवाळीनंतर तो फोन वडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतो. मुलगा गावात आणि त्याचा गृहपाठ फडावरच्या वडिलांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अशी स्थिती होते. पहाटे अंधारात उठून तोडणीला गेलेला आणि रात्री ट्रॅक्टर भरून परतलेला बाप तो निरोप वाचणार केव्हा आणि आजीच्या साध्या फोनवर तो कळवणार केव्हा? म्हणून गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा, तो मुलाच्या वहीत उतरलेला आहे की नाही हे शेवटच्या तासाला पाहावे, आणि मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय, इंटरनेटशिवाय आणि दुकानातल्या रंगीत कागदांशिवाय जो करता येईल एवढाच द्यावा. तो तपासलाही गेला पाहिजे. दहावीला 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. गणितासारख्या विषयात त्या 20 गुणांमध्ये गृहपाठाचा वाटा असतो. ते गुण आपण सर्वांना सरसकट वाटून टाकू लागलो की रोज पान लिहिणाऱ्या मुलाला त्या लिहिण्याची काही किंमत आहे असे वाटत नाही. परीक्षेच्या वेळी कॉपीमुक्त अभियानासाठी भरारी पथके पाठवावी लागतात, त्याची सुरुवात मला या न तपासलेल्या वह्यांत दिसते.

मधल्या सुट्टीनंतरच्या गैरहजेरीविषयी थोडे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. एकाच आवारात आठवीची मुले खिचडी घेऊन बसतात आणि नववीची मुले हात धुऊन पाणी पिऊन परत येतात, किंवा घरी जातात आणि परत येत नाहीत. आईवडील गावात नसलेल्या मुलाला सकाळी डबा करून देणारे बहुधा कोणी नसते. आमच्या शाळेत काही शिक्षकांनी मिळून यावर थोडीफार सोय केली आहे, पण अशा वैयक्तिक सोयींवर किती वर्षे निभावणार? पोषण आहाराची मर्यादा निदान उसतोडीच्या हंगामात स्थलांतरित कुटुंबांच्या नववी-दहावीतील मुलांपर्यंत वाढवावी, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे.

आणि मुलींविषयी मला स्वतंत्रपणे सांगायचे आहे. नववीतली मुलगी सलग चार-पाच दिवस आली नाही तर ‘घरी काम असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी तिला ठेवून घेतलेले असेल, पाळीच्या दिवसांत शाळेत पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह नसल्यामुळे ती येत नसेल, किंवा हंगामाला निघण्याआधी घरच्यांनी तिचे लग्न उरकायचे ठरवले असेल. 18 वर्षांखालील मुलीचे लग्न हा गुन्हा आहे, ग्रामसेवक हे गावासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, हे आपल्याला माहीत असते. पण ते सारे हालण्यासाठी तिच्या गैरहजेरीची बातमी वेळेत बाहेर पडावी लागते, आणि ती बातमी सर्वांत आधी हजेरीपटाला लागते. म्हणूनच पट भरलेला दिसावा म्हणून न आलेल्या मुलापुढे ‘उपस्थित’ अशी खूण करणे हा माझ्या दृष्टीने साधा कारकुनी दोष नाही.

माझे काही सहकारी म्हणतील, की पालकांना असे सांभाळून घेत बसलो तर शिस्तच राहणार नाही. मला सैल शिस्त नको आहे. 75 टक्क्यांची अट तशीच राहावी, उशिराची नोंद तशीच व्हावी, अपुऱ्या वहीसाठी मुलाला थांबवून ती पूर्ण करून घ्यावी. परंतु नियमित आणि वेळेवर शाळेत येणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या 24व्या कलमाने शिक्षकाचे पहिले कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे, आणि तालुक्याच्या गावाहून अप-डाउन करणारे आपल्यातले कित्येक जण परिपाठाला नसतात, हे मुले रोज पाहतात. पालकांच्या सूचनापत्रकावर शाळेच्या बाजूची कलमेही छापली जावीत असे मला वाटते: शाळा किती वाजता उघडेल, गृहपाठ किती दिवसांत तपासून मिळेल, मूल न सांगता गैरहजर राहिले तर त्याच दिवशी कोणाला फोन जाईल, आणि तिसऱ्या दिवशी घरी कोण येईल.

जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी आणि सर्व मुख्याध्यापक यांना आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे, की जूनच्या सभेवर न थांबता दुसरी पालकसभा दसऱ्याआधी, गावातले कोयते निघण्यापूर्वी घ्यावी, आणि तिला आईवडिलांबरोबर मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना, चुलत्यांना आणि मोठ्या भावंडांना बोलवावे. जाणारे आणि राहणारे त्या एकाच दिवशी समोरासमोर असतात. प्रवेशाच्या अर्जात ‘हंगामात घरी राहणारा पालक’ असा एक रकाना वाढवून त्यात त्याचे नाव आणि चालू असलेला फोन क्रमांक घ्यावा, आणि पत्रक नुसते वाटण्याऐवजी सभेत वाचून, आकडे खाड्यांच्या हिशोबात सांगून, मग सही किंवा अंगठा घ्यावा. शाळांचे वार्षिक नियोजन वर्षाच्या सुरुवातीला पक्के होते, त्यामुळे तारीख तेव्हाच घातली तर बसते. सप्टेंबरात सोयाबीनची काढणी सुरू झाल्यावर ऐनवेळी ठरवलेल्या सभेला माणूस मिळत नाही. आमच्या शाळेपुरती ही सभा घटस्थापनेच्या आदल्या रविवारी ठरली आहे, आणि ज्या शाळांना आमच्या पत्रकाचा नवा मसुदा पाहायचा असेल त्यांना तो दाखवण्याची आमची तयारी आहे.

आपली विश्वासू,
नववीची एक वर्गशिक्षिका,
जिल्हा बीड