पाच दिवसांचा फरक

नागपूर,
8 ऑक्टोबर 2025

प्रिय कुंदे,

सप्रेम नमस्कार. राखीपासून तुला एक ओळ नाही. फोन दोन झाले, तेही तूच केलेले, आणि दोन्ही वेळा मी "दवाखान्यात आहे गं, मग करते" म्हणून ठेवून दिले. त्याबद्दल काय बोलायचं ते भेटलीस की पोटभर बोल. माझे गुडघे आणि बीपी जसेच्या तसे आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कुंदे, मी यांच्यापासून यांच्याच मायलोमाचा, त्या रक्ताच्या कॅन्सरचा, रिपोर्ट लपवला. पाच दिवस.

मिनूला हे सांगता येत नाही, वन्संना तर नाहीच. तुलाच का सांगून राहिले आहे, ते तुला कळलं असेल. तार आठवली असेल.

30 तारखेला संध्याकाळी मी पुडाच्या वडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसले होते. मिनू आणि जावई दुसऱ्या दिवशी दसऱ्याला येणार होते. मोबाइल वाजला. ओल्या हातानेच उघडला. आता सवयीने मी बाकीचं काही वाचत नाही, थेट एम-बँडची ओळ गाठते, रक्तात आजाराचं प्रथिन किती ते सांगणारी. फेब्रुवारीत 0.3 होता, जूनमध्ये 0.5. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, एका आकड्याने घाबरायचं नाही, पुन्हा करून पाहू. या वेळी 1.4. खाली तो आलेख. 2019 ला मुंबईला तू माझ्यासोबत अकरा दिवस काढलेस, तेव्हा तो आलेख पहिल्यांदा पाहून म्हणाली होतीस, "हा तर सपाट रानात रामटेकचा गड उभा राहिल्यासारखा दिसतो." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव रामटेकच पडलं. हे दर वेळी विचारतात, "रामटेक किती?" गेली अडीच वर्षं मी सांगत आले, "धड दिसत नाही, धुकं आहे."

त्या संध्याकाळी तो लख्ख दिसला. म्हणजे हाडांतल्या त्या पेशी पुन्हा तेच एक निरुपयोगी प्रथिन तयार करायला लागल्या. 2018, मग 2022, आणि आता ही तिसरी वेळ. आणि गंमत पाहा, हे ठणठणीत! त्याच दिवशी सकाळी बजाजनगरच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले होते. पहिल्या वेळी निदान पाठ मोडली होती, सिलिंडर सरकवताना कण्याचा मणका बसला होता, हिमोग्लोबिन आठावर आलं होतं. दुखणं तरी समोर होतं. या वेळी फक्त कागद.

मी मोबाइल पदराला पुसला आणि डब्यांच्या मागे ठेवला. खरंच ठेवला, जसं काही आकडा त्याच्यातून बाहेर येणार होता.

काहून लपवलंस, विचारशील. सांगते. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली ना, त्यात कर माफ झालेल्या औषधांच्या यादीत आमचं इंजेक्शन होतं. डाराटुमुमॅब. 12 टक्क्यांवरून शून्य, 22 सप्टेंबरपासून लागू. यांनी पेपरातली ती बातमी हिरव्या शाईने चौकट करून कापून ठेवली. पॉलिसीचे पैसे ऑगस्टातच संपलेले, पुढचं सगळं एफडी मोडून चाललं होतं, तर यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी खातेवही घेऊन बसायचे. महिन्याला इतके वाचतील, वर्षाला इतके, तेवढ्यात मिनूच्या बाळंतपणाचं भागेल. तिला पाचवा लागला आहे, तुला बोलले नव्हते, आता बोलले. मला दाखवायचे, "हे बघ, बेरीज तपास." आणि ज्या इंजेक्शनवरचा कर गेला, ते इंजेक्शन यांच्या अंगी लागेनासं झालंय, हे आठ दिवसांनी माझ्या हातात.

म्हटलं, दसरा होऊ दे. मग म्हटलं, मिनू चार तारखेला रात्रीच्या गाडीने जाते आहे, ती जाऊ दे.

रोज विचारायचे. "रिपोर्ट आला का?" मी म्हणायचे, "लॅब बंद आहे, दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली ना." दोन तारखेला तर ते खरंही होतं. त्या दिवशी यांनी तो मोतिया रंगाचा झब्बा घातला, दारात उभे राहून सगळ्यांना सोनं दिलं. दीक्षाभूमीकडे निघालेल्या लोकांसाठी कोपऱ्यावर पाण्याचे माठ होते, तिथेही जाऊन आले. मी मागे मास्क घेऊन. समोरचे काका नेहमीसारखं सांगून गेले की आयआयटी मुंबईने रक्ताच्या कॅन्सरवर उपचार काढला आहे, तुम्ही तो घ्या. काकांचा जीव आहे यांच्यावर, म्हणून हेही दर वेळी तितक्याच शांतपणे समजावतात, की तो उपचार एका जातीच्या लिम्फोमासाठी आणि ल्युकेमियासाठी आहे, तो ज्या निशाणावरून पेशी ओळखतो ते मायलोमाच्या पेशींवर सहसा नसतं, रक्ताचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. काका मान डोलावतात आणि पुढच्या सणाला पुन्हा सांगतात.

हे सगळं मला जमलं, कुंदे. हसले, वड्या तळल्या, सोनं वाटलं. जमलं नाही ते रात्रीचं. त्या इंजेक्शनासोबतच्या लेनालिडोमाइडच्या 21 दिवसांच्या गोळ्यांतल्या चार उरल्या होत्या. मिनू पोटुशी, तिचा त्या गोळीला हातही लागायला नको, म्हणून डबा मी माळ्यावर ठेवला होता. स्टुलावर चढून काढायचा, एक गोळी वाटीत घ्यायची, पाण्याच्या पेल्यासोबत यांच्यापुढे धरायची. हे देवघरातलं तीर्थ घ्यावं तसे उजव्या हातात घेतात, डोळे मिटतात आणि गिळतात. सात वर्षांत कधी चुकलेले नाहीत. उपयोगाची राहिली नाही हे माहीत असून मी चारही रात्री ती गोळी यांच्या हातावर ठेवली. आपल्या मनाने औषध बंद कसं करणार, डॉक्टर ठरवतील, हे स्वतःला सांगत होते. पण ते डोळे मिटायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जायची.

पाच तारखेला, रविवारी, चहा झाल्यावर सांगितलं. कधी आला तेही सांगितलं, खोटं त्यापुढे ओढवेना.

काही बोलले नाहीत. खातेवही काढली. तू पाहिली आहेस ती, लाल कापडी पाठीची. तारीख, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एम-बँड, सगळे रकाने आखलेले. 1.4 लिहिलं. मग पट्टी घेऊन शेजारी दोन नवे रकाने आखले. एकावर लिहिलं "आवक", खाली 30-9. दुसऱ्यावर "सादर", खाली 5-10. पेनाला टोपण लावलं आणि फिरायला निघून गेले.

आवक आणि सादर! चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस भांडला तरी असाच भांडणार. आत्ता लिहिताना मला हसू येतंय, तेव्हा ओरडले असते तर बरं असं वाटलं होतं. त्यात पायांना मुंग्या, पहिल्या वेळच्या इंजेक्शनांनी तळव्यांची जाणीवच गेली आहे, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. मागे पट्टा असलेली सँडल घातली की नाही ते मी पाहिलंही नव्हतं. दीड तास फाटकाशी उभी होते. आले, सँडल पायात होती.

सोमवारी कोजागिरी. गच्चीवर दूध नेलं. चंद्र वर आला तरी गप्प. मग म्हणाले, "लपवलंस त्याचं मला काही नाही. पण पाच दिवस मी तुझ्यासमोर बसून 12 टक्क्यांचा हिशेब करत होतो, आणि तू बेरीज तपासून देत होतीस. मला एकट्याला खूश होऊ दिलंस."

कुंदे, हे वाक्य कुणाचं आहे?

1981, एलएडी कॉलेजच्या होस्टेलचा जिना. "फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली." तू ती तार दोन दिवस सांख्यिकीच्या पुस्तकात ठेवलीस, माझा शेवटचा पेपर व्हावा म्हणून. दारव्ह्याला पोचले तेव्हा बाबांनी ओळखलं, बोलता मात्र येत नव्हतं. मी दीड वर्ष तुझ्याशी बोलले नाही. लोकांना वाटलं त्या दोन दिवसांमुळे. तसं नव्हतं. पेपर सुटल्यावर आपण बर्डीवर जाऊन आइस्क्रीम खाल्लं होतं, मी सरांची नक्कल करून दाखवली होती, तू हसलीस. मला हसू दिलंस, हेच तर मी तुला ओरडून म्हणाले होते. तू एक शब्द बोलली नव्हतीस.

नंतर मी तुला माफ केलं म्हणाले. 1983 ला, तुझ्या लग्नात, मोठा आव आणून. तेव्हा केलं नव्हतं. आत बारीक काटा राहिलाच होता, तुझ्या प्रत्येक पत्रात मी "आणखी काही लपवलं नाहीस ना" असं लिहायची ते उगाच नाही. तो काटा त्या गच्चीवर निघाला. आता एवढंच विचारायचं आहे. ते दोन दिवस तुला जेवण जात होतं का? मी बाजूला झोपले असताना तू जागी असायचीस का? चव्वेचाळीस वर्षांत मी हे कधी विचारलं नाही.

मी यांना तारेची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच पूर्ण. हे म्हणाले, "मग कुंदाताईंनी बरोबर केलं की चूक?" मला उत्तर देता आलं नाही. यांनी उरलेलं दूध माझ्या पेल्यात ओतलं, तेवढ्यावर ती रात्र मिटली. पूर्ण मिटली असं म्हणत नाही. काल औषधवाल्याचं बिल माझ्या हातातून घेऊन स्वतः उघडलं.

आता पुढचं. शुक्रवारी बोन मॅरो काढणार, मग पेट स्कॅन. ते पाहून डॉक्टर औषध बदलतील. पोमॅलिडोमाइड नावाची गोळी म्हणाले, तीही 21 दिवस आणि मग सात दिवस सुट्टी, सोबत दुसरं इंजेक्शन, कारफिल्झोमिब, त्यासाठी आधी हृदयाचा इको. ही गोळी त्या थॅलिडोमाइडच्याच घराण्यातली, जिच्यामुळे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हातापायांविना बाळं जन्मली आणि 1961 मध्ये जी बाजारातून काढावी लागली. तिच्याच नातलगांनी यांना सात वर्षं दिली. मिनूला बाळंतपणाला इथेच यायचं आहे, आणि घरात ही गोळी. माळ्याला कुलूप लावणार आहे. तिला अजून सांगितलं नाही. पण या वेळी दोघांनी मिळून ठरवलंय, पेट स्कॅन झाला की हे स्वतः फोन करतील. तारीख वहीत लिहिली आहे.

तुझा मोतीबिंदू झाला ना? थेंब वेळेवर घाल, आळस करू नको. सूनबाईंची बदली झाली का? आणि नाशिकच्या प्लॉटचं भाऊजींनी घाईने काही करू नये असं हे म्हणत होते, कागद पाठवलेत तर पाहतील. यांना तेवढंच काम.

फोन करशील तर शनिवारी नको. तो डेक्साचा, त्या स्टिरॉइडचा, दिवस, हे रात्रभर जागे असतात, दोन वाजता डबे पुसतात आणि कुणाचाही फोन आला की माझ्या हातातून घेऊन तासभर बोलतात. रविवारी दुपारी कर, तेव्हा झोपतात. मी गच्चीवर जाऊन बोलेन. तारेचं तेव्हाच सांग.

तुझी,
वसू