अजब बंगल्यातील काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातून जिल्हा परिषद शाळेची चौतीस मुले नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, आली होती, ती आपणास कदाचित आठवत असतील. मौद्याजवळ आमची बस पंक्चर झाल्यामुळे आम्ही दुपार कलल्यावर पोहोचलो होतो. दालने बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता, तरी वरिष्ठांची परवानगी काढून आपण स्वतः आमच्यासोबत फिरलात, याबद्दल हे पत्र.

1861 साली मध्य प्रांत तयार झाला आणि पुढे दोनच वर्षांत, म्हणजे 1863 साली, प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत हे संग्रहालय सुरू झाले, एवढे मी मुलांना वर्गात सांगून आणले होते. नागपुरात तेव्हा रेल्वेही आलेली नव्हती. परंतु माझ्या त्या माहितीने मुलांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. आपण मात्र त्यांना तांब्याच्या कुऱ्हाडींसमोर जमिनीवर बसवलेत आणि विचारलेत, "तुमच्यापैकी ढोरं कोण चारते?" अकरा हात वर झाले. मग आपण सांगितलेत की 1870 साली बालाघाटकडच्या गुंगेरिया गावी ढोरे चारणाऱ्या दोन पोरांमुळेच हा साठा उजेडात आला. तांब्याच्या 424 वस्तू, वजन 829 पौंड, म्हणजे सुमारे 376 किलो. शिवाय चांदीचे 102 पातळ पत्रे, त्यांतले काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारखे! आमच्या एका विद्यार्थिनीने तिथेच वहीवर हिशेब मांडला : चाळीस किलोचे धानाचे नऊ कट्टे भरून वर आणखी उरते. बालाघाट आम्हाला शेजारचेच. तिकडे आमच्या अर्ध्या गावाची सोयरीक आहे. त्यामुळे ती हिरवट पडलेली, रुंद धारेची कुऱ्हाड मुलांना मामाच्या घरची वाटली.

पुढे मूर्ती आणि ताम्रपट दाखवतानाही, ही वस्तू कोणत्या शिवारातून आली, हे आपण आधी सांगत होता आणि राजाचे नाव मागाहून. रामटेकजवळच्या मनसरची देखणी शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली, हे सांगताना आपण क्षणभर थांबलात. माझे मत विचाराल तर ती नागपुरातच शोभली असती, पण तो विषय इथे नको.

आभाराचे खरे कारण त्यानंतरचे आहे. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या घाटावर बाया वर्षानुवर्षे ज्या दगडावर कपडे धुतात, त्याच्या पाण्याकडील बाजूला काही कोरलेले आहे, असे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुलांना दिसले. दोन पावले आणि पायातला वाळा एवढेच आज ओळखू येते. "जुनी वस्तू सापडली तर जागची हलवू नका, घासू नका, आधी कळवा," हे आपले शब्द मुलांनी अक्षरशः पाळले. मोजमापे घेतली, फोटो काढले आणि तहसील कार्यालयात अर्ज दिला. कपडे धुण्याचा दगड बदलला म्हणून दोन-तीन आजीबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. कोणी भाविकाने शेंदूर फासू नये म्हणून शाळा सुटल्यावर मुलांचा आळीपाळीने पहारा चालू आहे.

पाऊस लागला की तो दगड पुन्हा पाण्याखाली जाईल. त्याआधी एखाद्या सोमवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, आपण यावे अशी मुलांची विनंती आहे. बसथांब्यावर घ्यायला ती स्वतः येतील.

आपला नम्र,
एक शिक्षक