बोलीतली पुस्तके कपाटाबाहेर काढा

महोदय,
भुसावळ-जळगाव रोज ये-जा करताना गाडीत मिळेल ते पुस्तक वाचतो. मागच्या आठवड्यातली रहस्यकथा दोन दिवसांत संपली, आता काही आठवत नाही. पण भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी (१९६३)! नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, ती पाने वाचताना माझे स्टेशन मागे पडले. मग १९५२ साली प्रथम छापलेली बहिणाबाईंची गाणी पुन्हा काढली. लेकीला वाचून दाखवताना ‘घरोट’ म्हणजे जातं, हे समजावून सांगावे लागले. माझ्या आजीच्या तोंडचा हा शब्द! जीव तुटला. वाचनालयांनी अहिराणी, लेवा बोलीतली पुस्तके कुलुपात न ठेवता दर्शनी मांडावीत, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, भुसावळ