सुजाताला पत्र: पार्थ आणि ऑटिझम

हर्णै, ता. दापोली

प्रिय सुजाता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर घरातली सगळी आजूबाजूला होती, म्हणून तुला मोकळेपणी बोलता आलं नाही. डॉक्टरांनी पार्थला ऑटिझम असू शकेल म्हटलं आणि घरात जो तो एकच विचारतोय, कुणामुळे झालं? आधी त्याचंच उत्तर देते.

तुझ्यामुळे नाही. गरोदरपणी नोकरी केलीस म्हणून नाही, ग्रहणात सुरी हातात घेतलीस म्हणून नाही, त्याला कमी जवळ घेतलंस म्हणून तर नाहीच. या मुलांच्या मेंदूची जडणघडण जन्माआधीपासून वेगळी होत जाते आणि त्यात जनुकांचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेत लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांची सविस्तर वर्णनं लिहिली. पुढे कित्येक वर्षं तिकडच्या तज्ज्ञांनीसुद्धा आईच्या माथीच खापर फोडलं, की तिची माया कोरडी म्हणून मूल असं झालं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हे खोडून काढलं. त्या आयांनी काय सोसलं असेल, या विचाराने मला अजून गलबलून येतं.

जाऊबाई लसीमुळे झालं म्हणाल्या ना? तो संशय १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने पसरवला आणि त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख रद्द केला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची माहिती तपासली, गोवराच्या लसीचा काही संबंध निघाला नाही. तेव्हा धाकटीचा डोस चुकवू नकोस.

आता पार्थबद्दल. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की माजघरातून धावत येतो. पाणी हवं असलं तर बोट दाखवत नाही, तुझं मनगट धरून माठापाशी नेतो. बाटल्यांची बुचं ओटीवर ओळीने लावतो आणि एक हलवलं की आकांत करतो. ऑटिझममध्ये हेच दोन धागे असतात: माणसांशी देवाणघेवाण वेगळ्या तऱ्हेने होते, आणि ठरावीक गोष्टींची, ठरावीक क्रमाची ओढ असते. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्शही कुणाला सहन होत नाही, तर कुणाला जाणवतच नाही. म्हणून त्याला हट्टी म्हणू नकोस गं. त्या ओळीत त्याला स्वस्थ वाटत असतं.

आमच्या ओमलाही ऑटिझम आहे, तो लग्नाच्या मांडवात मध्येच “फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी...” म्हणायला लागतो. एसटी स्टँडवर ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच सुरात. लोक हसतात. मला कळतं, त्याला आता घरी जायचंय. ऐकलेली वाक्यं अशी परत म्हणणं ही या मुलांची बोलण्याची एक रीत असते. पार्थ जाहिराती म्हणतो म्हणालीस, तर कोणती कधी म्हणतो ते टिपून ठेव.

शिमग्यात पालखी अंगणात येते तेव्हा ढोलाने ओम कळवळायचा. आता आम्ही आदल्या दिवशी चित्रं काढून त्याला सांगतो, आधी ढोल, मग नाच, मग पालखी पुढच्या घरी. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून तो मागच्या पडवीतून बघतो. जबरदस्तीने पुढे उभं करून सवय होते, हे मला अजिबात पटत नाही.

सगळी मुलं सारखी नसतात. कुणी कधीच बोलत नाही, कुणी पदवी घेऊन नोकरी करतं. मुलींमध्ये तर पुष्कळदा लक्षातच येत नाही, त्या इतरांचं बघून निभावून नेतात. ओमवरून पार्थचा अंदाज बांधू नकोस.

“याचा बापही उशिराच बोलला” म्हणून थांबू नकोस, एवढं मात्र कळकळीने सांगते. देवाला गाऱ्हाणं घाल, मीही घालते, पण वाट पाहत बसू नकोस. आधी कानांची बेरा टेस्ट करून घे, म्हणजे ऐकू येतं की नाही ते कळेल. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसीची, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी कर. विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांकडून नीट तपासणी होऊ दे. पण स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. स्टेम सेलने बरा करतो म्हणणारे लाखो रुपये मागतात, त्याला पुरावा नाही. तिकडे फिरकूही नकोस.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्राचं पुढे बघू, कागदपत्रं मी सांगेन.

बेराचा रिपोर्ट हाती आला की फोन कर. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

तुझीच,
वैशाली