निर्गुडीच्या डहाळीसाठी, बाई

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कादंबरीवरचं तुमचं पत्र येऊन आठ महिने झाले. तेव्हा फोनवर मी "पत्र मिळालं, आनंद झाला" एवढंच म्हणाले होते. खरं तर त्या दिवशी आनंद नव्हता झाला, मन खट्टू झालं होतं. आता कादंबरीची दुसरी आवृत्ती छपाईला गेली आहे आणि तिच्या पानापानावर तुमचा हात फिरला आहे. हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

गार्सिया द ओर्ता या माणसाबरोबर मी सहा वर्षं राहिले. 1534 मध्ये गोव्यात आलेला हा पोर्तुगीज वैद्य, त्याची बाग, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडची त्याची ये-जा आणि 1563 मध्ये गोव्यातच छापलेलं औषधी द्रव्यांवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक, एवढ्या सामग्रीवर माझी कादंबरी उभी होती. वाचकांनी मनापासून लिहिलं. कुणाला बाजाराचं वर्णन आवडलं, कुणाला झाडांची नावं जड गेली. एका गृहस्थांनी मधली शंभर पानं गाळल्याचं प्रामाणिकपणे कळवलं. सगळ्यात जास्त पत्रं शेवटच्या प्रकरणावर आली. 1568 मध्ये गेलेल्या ओर्ताची हाडं इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, 1580 मध्ये उकरून जाळली. ते वाचून रात्रभर डोळा लागला नाही, असं कितीतरी जणांनी लिहिलं.

तुमचं पत्र मात्र कुंपणापासून सुरू झालं. "पान 31 वर ओर्ताच्या बागेला घाणेरीचं कुंपण घातलं आहे. तेवढं काढा."

घाणेरी! माझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना तीच असायची. तिची काळी फळं खाऊन आम्ही जिभा रंगवायचो. ती आपली नसेल असं कधी मनातही आलं नाही. ती मूळची अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत आली आणि तिथून देशभर माजली, हे तुम्ही चार ओळींत सांगितलंत. ओर्ता जाऊन तोवर दोनशे वर्षं उलटून गेली होती. नुसती चूक दाखवून तुम्ही थांबला नाहीत. पाकिटात वर्तमानपत्राच्या कागदात दाबलेली एक डहाळी होती. पाच-पाच पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी, खालून पांढुरकी. कागद उलगडला आणि तो उग्र वास खोलीभर पसरला. गुडघे धरले की आजी हाच पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायची. निर्गुडी. बाजूला पेन्सिलीने तुम्ही लिहिलं होतं, "हिचं कुंपण घाला. त्याने हिच्यावर स्वतंत्र संवाद लिहिला आहे."

तो संवाद मी वाचला होता, बाई. त्यावर खुणा केल्या होत्या. पण पुस्तकातली 'नेगुंदो' म्हणजे आमच्या ओढ्याकाठची निर्गुडी, हे माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शास्त्रीय नावातही ती आजवर 'नेगुंडो' म्हणूनच नांदते आहे. मी पोर्तुगीजातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येत राहिले, आणि शब्द मुळात इथूनच तिकडे गेला होता.

मोडशीचंही तसंच. मी सगळीकडे 'कॉलरा' लिहिलं होतं. इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात असं ओर्ताने स्वतः नोंदवलं आहे, आणि तुम्ही विचारलंत, "त्याने आपला शब्द घेतला, मग तुम्ही का टाकला?" आमच्या घरी पोट बिघडलं की अजूनही 'मोडशी झाली' म्हणतात. आता पुस्तकात सगळीकडे मोडशीच आहे.

पण ज्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे, ती गोष्ट आंतोनियाची. ओर्ताच्या पुस्तकात ही मोलकरीण हाक मारली की येते, सांगितलेली वनस्पती आणून देते आणि आत जाते. माझ्या कादंबरीतही ती तेवढंच करत होती. तुम्ही लिहिलंत, "ही पोर पाला आणते तो कुठून? तिला तो ओळखायला कोणी शिकवलं?" आणि त्याखाली मलबारच्या वनस्पतींवरच्या, डचांनी तयार करवलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथाची आठवण दिलीत. 1678 पासून आम्स्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचं मल्याळममधलं प्रमाणपत्र आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तिघांचं कोकणीतलं, नागरी लिपीतलं. झाडं ओळखून देणाऱ्यांची नावं तिथे निदान उरली. आंतोनियाला शिकवणाऱ्यांचं काहीच उरलं नाही.

त्या प्रश्नाने मी दोन महिने अस्वस्थ होते. शेवटी संबंध दुसरा भाग मोडला आणि नव्याने लिहिला. आता आंतोनिया पहाटे घराबाहेर पडते, बाजारात मुळ्या विकणाऱ्या म्हातारीजवळ उकिडवी बसते, साल नखाने खरवडून वास घेते, खोटा माल परत करते. ओर्ता तिच्या हातातून वस्तू घेतो तेव्हा ती काय आहे हे तिला त्याच्याआधी माहीत असतं. म्हातारी माझ्या कल्पनेतली आहे, पण अशी कुणीतरी असणारच याची खात्री मला तुमच्यामुळे वाटते.

एवढं बारकाईने माझं लेखन आजवर कुणी वाचलं नव्हतं. चौदा पानं, दोन्ही बाजूंनी, हाताने लिहिलेली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर महिनाभरात तुम्ही ती लिहिलीत, हे मला नंतर तुमच्या सूनबाईंकडून कळलं. मनापासून आभार, बाई.

तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून देता आलेलं नाही. गोव्याच्या पावसात चार महिने ओर्ताच्या घरी मुळ्या आणि साली सुकत कुठे होत्या? चुलीवर टांगून म्हणावं तर धुराचा वास लागणार. त्यावर तुमच्याशी बसून बोलायचं आहे. नवी प्रत घेऊन पाऊस लागायच्या आत येते.

तुमची,
एक लेखिका