सरांच्या संगीतसंग्रहाच्या जतनासाठी नागरिकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनेक वर्षे गणित शिकवून निवृत्तीनंतर सोलापुरात स्थायिक झालेल्या एका शिक्षकांचा संगीतसंग्रह, त्यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी आमच्या वाचनालयाच्या स्वाधीन केला आहे. त्यात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या, नंतरच्या काळातील एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या), रेडिओवरून घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट आणि सरांच्या हस्ताक्षरातील वह्या आहेत. हा संग्रह टिकवून तो श्रोत्यांसाठी व अभ्यासकांसाठी खुला करावा, असे कार्यकारी समितीने ठरवले असून त्यासाठी आपल्या साहाय्याची गरज आहे. आपले नाव कशालाही देऊ नये, असे सरांनी घरच्यांना बजावून ठेवले होते, म्हणून ते येथेही छापलेले नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना ती पुढील मजकुरावरून पटेल.

सरांच्या गणिताच्या तासाला वर्गातून टाळ्या ऐकू येत. लसावि शिकवताना ते वर्गाचे दोन भाग करीत. एका भागाने सोळा मात्रांचा त्रिताल मोजायचा, दुसऱ्याने दहा मात्रांचा झपताल, टाळी फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, द्यायची आणि दोन्हीकडची टाळी पुन्हा एकत्र केव्हा पडते ते वहीत मांडायचे. त्रितालाची पाच आणि झपतालाची आठ आवर्तने झाली, म्हणजे ८० मात्रा पूर्ण झाल्या, की ती पडे आणि लसावि कोणाला वेगळा समजावून सांगावा लागत नसे. गुणोत्तराच्या धड्याला तंबोरा वर्गात येई. तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज आणि दोन तृतीयांश ठेवली की पंचम, हे मुलांनी आधी कानाने ऐकायचे आणि मग अपूर्णांकात लिहायचे, असा क्रम होता. शेजारच्या वर्गांवरील शिक्षकांना याचा त्रास होत असे, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. संध्याकाळी घरी पेटीवर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका आणि मध्यमा परीक्षांची तयारी चाले. त्यासाठी सरांनी कोणाकडून फी घेतली नाही.

तबकड्या इतरत्रही सापडतील, मात्र अशा वह्या सापडणार नाहीत, असे समितीचे मत आहे. आपल्याकडे गाण्याचे व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि पुढे कित्येक दशके गवयांना तबकडीच्या एका बाजूवरील तीन-साडेतीन मिनिटांत आपले गाणे बसवावे लागले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी एवढ्या वेळात कशी उलगडते, कोणता स्वर कोठे येतो आणि कोणत्या जागेवर ती वळते, याचा आलेख सरांनी तबकडीच्या पाकिटावर पेन्सिलीने काढला आहे. आकाशवाणीवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नोंदी स्वतंत्र वह्यांत असून त्यांत गायकाबरोबर राग, ताल आणि साथीदारही नोंदवलेले आहेत. साथीदारांची नावे इतक्या आस्थेने लिहून ठेवणारा श्रोता विरळाच. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेल्या कन्नड वचनांचा, म्हणजे शिवशरणांच्या भक्तिपर रचनांचा, अर्थ कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना विचारून सरांनी मराठीत उतरवला. वचनकार सिद्धरामेश्वरांच्या या सोलापुरात मराठी माणसाने वचनांशी ओळख करून घेतलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

संग्रहाची सध्याची अवस्था मात्र काळजीची आहे. पत्र्याच्या ट्रंकेत, सोलापुरी चादरीत गुंडाळून सरांनी तबकड्या जपल्या, तरी आपल्याकडील चाळीस अंशांपुढचा उन्हाळा लाखेला मानवत नाही आणि आडव्या रचून ठेवलेल्या काही तबकड्या वाकल्या आहेत. कॅसेटच्या फितींवर बुरशी धरली आहे. तबकड्या उभ्या ठेवता येतील असे कप्प्यांचे कपाट, आम्लविरहित कागदाची पाकिटे, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची रुंद खाच वाचणारी सुई, ध्वनीचे अंकीकरण करणारे उपकरण आणि वह्यांचे स्कॅनिंग यांसाठी निधी हवा आहे. पैशांइतकीच वेळेचीही गरज आहे, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवून घ्यायला नव्वद मिनिटेच लागतात आणि तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसून ऐकावे लागते. रागांची ओळख असलेल्या आणि सरांचे बारीक अक्षर वाचू शकणाऱ्या व्यक्तींनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी काम पुढे सरकेल. घरी जुन्या तबकड्या असलेल्या वाचकांना एक विनंती अशी की, त्या स्पिरिटने पुसू नयेत, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात. त्यामुळे संग्रहातील कोणतेही ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकले जाणार नाही. ते वाचनालयात बसून, हेडफोन लावून, विनामूल्य ऐकता येईल. वह्यांच्या प्रती अभ्यासकांना कुटुंबीयांच्या संमतीने मिळतील.

देणगी रोखीने किंवा धनादेशाने वाचनालयाच्या कार्यालयात कामकाजाच्या वेळेत स्वीकारली जाईल आणि रक्कम कितीही लहान असली तरी तिची छापील पावती मिळेल. वाचनालयाकडे आयकराच्या कलम ८० जी खालील प्रमाणपत्र नसल्याने देणगीदारांना करसवलत मिळणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. खर्चाचे अंदाजपत्रक सूचनाफलकावर लावले असून जमाखर्च दर तिमाहीस तेथेच प्रसिद्ध केला जाईल.

सर कॅसेट उसन्या देत आणि कोणी काय नेले ते एका वहीत लिहून ठेवत. ती वहीही आमच्याकडे आली आहे आणि तिच्यात परतीचे रकाने बरेच रिकामे आहेत. ज्यांच्याकडे अशा कॅसेट असतील त्यांनी त्या, फीत तुटलेली असली तरी, आणून द्याव्यात. उशीर का झाला हे विचारले जाणार नाही. टपालाने पाठवणाऱ्यांनी पाकिटात मूळ वेष्टनही ठेवावे, कारण सरांच्या नोंदी बहुधा त्यावरच आहेत.

कार्यकारी समिती,
सार्वजनिक वाचनालय, सोलापूर